सुमरासरच्या ओसरीवर

आदल्या संध्याकाळी भुजच्या बाजारात भरतकामाची एक पिशवी मी घासाघीस करून सहाशेची चारशेला घेतली होती. सुमरासर शेखला जाताना तीच खांद्याला होती.

गाव भुजच्या उत्तरेला, साधारण २५ किलोमीटरवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी, मधूनच म्हशींचा कळप. इथली बरीच सोढा आणि मेघवाळ कुटुंबं १९७१च्या युद्धानंतर सिंधमधल्या थरपारकरहून आलेली. त्यांच्याबरोबर सूफ, म्हणजे कापडाचे धागे मोजून करायचं भरतकामही आलं.

ओसरीवर एक मासी कापड उलटं धरून बसल्या होत्या. कापडावर ना छापा, ना पेन्सिलीची रेघ. मागच्या बाजूने उभे-आडवे धागे मोजत सुई घालायची, की पुढच्या बाजूला त्रिकोण उमटत जातात. एक धागा चुकला की पुढची सगळी ओळ उसवावी लागते. तळहाताएवढ्या मोराला किती वेळ लागतो, असं मी विचारलं. त्या हसल्या.

"बेन, पाणी, गाय, भाकरी, पोरं. मधे मधे भरते. कसं सांगू?"

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. घरकामाच्या फटीतून काढलेला वेळ कुणीच वेळ म्हणून धरत नाही. व्यापारी नगावर पैसे देतो आणि तो आकडाही तोच ठरवतो. मासींच्या गटाने यावर साधा उपाय काढलाय. नवा नमुना आला की तिघी-चौघी घड्याळ लावून तो भरून बघतात, सरासरी काढतात आणि दिवसाच्या रोजाप्रमाणे मजुरी लावतात. कापड, दोरा, शिलाई, विक्रीचा खर्च नंतर. दर ठरवायला भरणाऱ्या बायकाच बसतात. "सुताराला त्याचा रोज विचारूनच कामावर घेतात ना?" मासी म्हणाल्या.

या वाटेवर कच्छमध्ये बरंच आधी पाऊल पडलंय. १९६९च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ मदतीसाठी धाणेटी गावात गेल्या. तिथल्या बायकांना फुकटचं अन्न घ्यायला संकोच वाटत होता, त्यांना काम हवं होतं. चंदाबेननी त्यांना साड्या भरायला दिल्या आणि त्यातून 'श्रुजन' ही संस्था उभी राहिली. कापड, दोरे, नमुना असं सगळं बाईच्या घरी पोचवायचं, ही त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. जिला उंबरा ओलांडता येत नाही, तिच्याही हाताला काम मिळतं. श्रुजनचं भुजजवळच्या अजरखपूरमधलं संग्रहालय सवडीने बघा, धावतपळत नको.

मासींच्या सासूबाई कोपऱ्यात ठिगळांची गोधडी शिवत होत्या. नजर अधू झाली की धागे मोजता येत नाहीत, मग सूफ सोडून हे काम. मला माझी आजी आठवली. गल्लीतल्या बायका जुनी लुगडी आणून द्यायच्या, आजी धावदोरा घालत बसायची आणि बदल्यात पायलीभर जोंधळे यायचे. एका गोधडीला किती दिवस लागतात, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

निघताना मासींनी माझी पिशवी मागून घेतली. आतून उलटी करून टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"चार दिवसांचं काम आहे. कितीला घेतली?"

मी आकडा सांगितला.

"त्यातले तिला किती?"

मला सांगता आलं नाही.