केरळच्या खडकाळ नद्यांसाठी पॅडल कोणतं घ्यावं (बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी)

आपल्याकडे विश्वामित्रीत मगरी, त्यामुळे गावातल्या नदीत कयाक घालायचा प्रश्नच नाही, सगळी प्रॅक्टिस स्विमिंग पूलमध्ये. म्हणून जुलैत मी, दादा आणि दांडिया बाजारातले दोघं मित्र असे केरळला कोडंचेरीला जाऊन आलो, चालीपुझा आणि इरुवंजीपुझा या दोन्ही नद्यांवर. कोझिकोडला बडोद्याहून थेट गाड्या आहेत, फक्त कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल असतं तेव्हा जास्तीचे तास धरून चला. पुढे कोडंचेरीजवळच्या तुषारगिरीपर्यंत साधारण 50 किमी. जेवण झकास, राहायची काही चिंता नाही, डोकं लावायचं ते पॅडलला.

नद्या अरुंद, मोठमोठे काळे धोंडे, आणि पाऊस थांबला की काही तासांत पाणी उतरतं, मग पॅडलचं ब्लेड, म्हणजे टोकाचं पातं, सतत दगडावर आपटतं. अशा ठिकाणी मी तरी फायबरग्लासच घ्या म्हणेन. कार्बन हलकं असतं, हातात घेतलं की मोह होतोच, पण नेमक्या जागी दगड लागला की कडेचा टुकडा उडू शकतो आणि पैसेही भरपूर जातात. माझ्या फायबरग्लासच्या ब्लेडचं टोक परत येईपर्यंत खरखरीत झालं, पांढरे धागे दिसायला लागले, बाकी पॅडल ठणठणीत.

लांबी: क्रीकिंगला, म्हणजे अशा अरुंद, उताराच्या खडकाळ नद्यांत कयाक चालवायला, साधारण 191 ते 203 सेंमी. मी पाच फूट तीन इंच, मला 194 बरोबर बसतं, दादा उंच आहे त्याच्याकडे 200. तलावावर चालवतात ती 220-230 ची पॅडल इथे बिलकुल आणू नका, दोन धोंड्यांमध्ये फिरवायलाच जागा नसते. ब्लेड मध्यम साइजचं पुरतं. बूफ मारताना, म्हणजे ड्रॉपवरून (पाणी एकदम खाली पडतं तिथून) कयाकचं नाक वर ठेवून उडी घेताना, अगदी कडेवर शेवटचा स्ट्रोक उभा आणि जोरात ओढावा लागतो तेव्हाच नाक वर राहतं, मोठं ब्लेड तिथे छान पकडतं हे खरं पण दुपारपर्यंत खांदे भरून येतात. बायकांनी आणि लहान हातांच्या लोकांनी बारीक शाफ्ट (पॅडलचा दांडा) मागून घ्या, मनगटं वाचतात, खूप फरक पडतो.

आणि फेदर, म्हणजे दोन टोकांची ब्लेड एकमेकांशी किती अँगलने फिरवलेली असतात ते! ग्रुपमध्ये सगळ्यांचा एकच ठेवा, आम्ही 30 डिग्री ठेवला होता. कारण दुसऱ्याचं पॅडल हातात आलं आणि अँगल वेगळा निघाला तर ब्लेड पाण्यावर सपाट पडतच नाही, ब्रेस (पॅडल पाण्यावर टेकवून तोल सावरणं) जातो, रोलही (उलटलेली कयाक परत सरळ करणं) फसतो, आणि हे कळतं ते उलटं लटकलेलं असताना.

स्पेअर म्हणून चार तुकड्यांचं पॅडल निदान एका बोटीत तरी हवंच, सीटच्या मागे घट्ट बांधून, ट्रेनमध्येही तेच सीटखाली नीट मावतं. तिथे भाड्याने घेणार असाल तर सांधा दोन्ही हातांनी पिळून बघा, जरा जरी हललं तरी दुसरं मागा.