काझिमिएश दोल्नीची घळ

आज दिवसभर डोक्यात पोलंडमधलं काझिमिएश दोल्नी आहे. विस्तुला नदीच्या उजव्या काठावरचं चिमुकलं गाव. १६व्या-१७व्या शतकात इथल्या दगडी कोठारांतलं धान्य नदीतून ग्दान्स्क बंदराला जायचं. ती श्रीमंती चौकात अजून दिसते: १६१५ची दोन घरं, दर्शनी भिंती कोरीवकामाने गच्च. पुढे स्वीडिश स्वाऱ्या झाल्या नि भरभराट ओसरली.

पण खरी बघावी ती गावाजवळची मुळांची घळ. इथली माती म्हणजे लोएस, हिमयुगात वाऱ्याने आणलेली पिठासारखी धूळ. कोरडी असेतो भिंती उभ्याच्या उभ्या टिकतात. भिजली की कण सुटतात, ढलप्या कोसळतात. गाड्यांच्या चाकांनी माती सैल केली, पावसाने वाहून नेली, रस्ता खोल खोल जात ही घळ झाली. वरच्या झाडांची मुळं उघडी पडून हवेत लोंबतात. पावसानंतर लगेच जाऊ नका, तळ फार निसरडा होतो.