तेरा नंबरचं बोअर

सोन्याच्या शोधात ड्रिलिंग करणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर आमच्या फंडाकडे दोन वर्षं होते. त्या सकाळी बाजार उघडण्याआधीच बातमी आली: '२२ मीटर, टनामागे ५.१ ग्रॅम सोनं'. म्हणजे बोअरच्या २२ मीटर लांबीत सरासरी एवढं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तिथूनच अंगठा दाखवला. बाजार उघडला आणि भाव जो सुटला तो सुटलाच.

मी सवयीने तक्ता उघडला. मोठ्या आकड्याखाली बारीक ओळ होती: 'त्यात १ मीटर ९८ ग्रॅमचा'. कागद ओढला. २२ गुणिले ५.१ म्हणजे ११२.२. त्यातून ९८ वजा, उरले १४.२. ते २१ मीटरवर पसरले की टनामागे जेमतेम ०.६८ ग्रॅम. चारशे मीटर खोलीवर भुयारी खाणीला यात काय परवडणार! आणि तो एक मीटर? लॅबमध्ये वितळवतात ती खडकाची पूड सहसा ३० किंवा ५० ग्रॅमची. तेवढ्यात सोन्याचा एखादा जाड कण आला, तरी निकाल आभाळाला टेकतो.

मग नकाशातला उभा छेद पाहिला आणि खरं म्हणजे तिथेच मन उडालं. सोन्याची शीर, म्हणजे खडकातला सोनं असलेला पट्टा, तिरकी खाली उतरत होती आणि बोअरही जवळजवळ तिच्याच अंगाने. भिंतीची जाडी मोजायला तिच्यात आडवं भोक पाडायचं, तर यांनी वरून खाली पाडलं होतं. तळटीप प्रामाणिक होती: 'खरी जाडी अद्याप निश्चित नाही.'

तळटिपा वाचायची खोड ब्रे-एक्समुळे, म्हणजे सोन्याचे खोटे निकाल दाखवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीमुळे लागली. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या बुसांग इथल्या तिच्या सोन्याचं बिंग फुटलं, तेव्हा कळलं की कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारा खडकाचा दंडगोल, त्यातला अर्धा जपून ठेवायच्या रिवाजाला फाटा देऊन जवळपास सगळाच चुरून टाकला होता. फेरतपासणीला हातात काहीच नाही. २००१ मध्ये कॅनडात खाणींचे निकाल कसे जाहीर करायचे याचा ४३-१०१ हा नियम आला. थापा कमी झाल्या, मथळे रंगवायची हौस मात्र शाबूत आहे.

तक्त्यात ११, १२, १४ अशी बोअर होती. तेरा कुठे?

कंपनीला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ अतिशय गोड बोलले. "तेराचे नमुने अजून लॅबमध्येच आहेत हो."

"चौदा तर तेराच्या नंतर मारलं ना? मग त्याचे कसे आले?"

"लॅबकडे गर्दी असते, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. लॅब खरंच रखडवतात, नमुने मागेपुढे होतात. म्हणूनच तर माझा हात अडला. दुपारी निम्मे शेअर विकले, निम्मे ठेवले. वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा 'जोखीम कमी केली' असं ठोकून दिलं. खरं कारण एवढंच, की मलाही ते ९८ ग्रॅम खरे हवे होते.

तीन आठवड्यांनी पुढची बातमी आली. मथळा नव्या भागातल्या ड्रिलिंगचा. तक्त्याच्या अगदी तळाशी, तेरा नंबरपुढे लिहिलं होतं: 'उल्लेखनीय काही नाही'.