आधी फेलोशिप की आधी मार्गदर्शक?

पीएच.डी. संपत आलेले जैववैद्यकीय संशोधक मला वारंवार विचारतात की पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतर मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत करायच्या संशोधनासाठी, आधी फेलोशिप मिळवावी की आधी प्रयोगशाळा शोधावी. तुम्हीही तेच विचारलेत म्हणून स्पष्टपणे सांगते: आधी मार्गदर्शक निवडावा, कारण महत्त्वाच्या फेलोशिपच्या अर्जांत उमेदवाराबरोबर मार्गदर्शकाचीही पारख होत असते.

अमेरिकेतील एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे 'के९९/आर००' हे अनुदान पाहा. त्यात संशोधनाच्या आराखड्याइतकेच मार्गदर्शक आणि संस्थेचे पाठबळ यांनाही समीक्षक वेगळे तोलतात. पहिला टप्पा (के९९) मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत जास्तीत जास्त २ वर्षांचा असतो. स्वतंत्र प्राध्यापकपद मिळाल्यावरच पुढचा, जास्तीत जास्त ३ वर्षांचा टप्पा (आर००) सुरू होतो. अर्जदाराचा पोस्टडॉकचा अनुभव साधारणपणे ४ वर्षांहून अधिक नसावा, अशी अट आहे. ही मुदत पुरेशी वाटते. परंतु रुग्णांचे नमुने वापरायचे असतील तर नैतिकता समितीची मंजुरी, जनुकीय बदल केलेले उंदीर लागणार असतील तर त्यांची पैदास, आणि त्यानंतर कुठे अर्जात दाखवता येतील असे प्राथमिक निष्कर्ष, हे सारे याच काळात बसवावे लागते. अर्जाची तयारी पहिल्या वर्षातच व्हावी असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

फेलोशिप मिळाली की पैशाची चिंता मिटली, हा गैरसमज मला खटकतो. मार्गदर्शकाच्या अनुदानातून पगार मिळत असेल तर काम त्या अनुदानाच्या उद्दिष्टांना बांधलेले राहते आणि ते संपले की नोकरीही डळमळते, हे खरेच आहे. स्वतःच्या नावावरच्या फेलोशिपमुळे स्वतःचा प्रश्न हाती घेण्यास वाव मिळतो. मात्र अनेक फेलोशिप विद्यावेतन आणि संशोधन खर्चासाठी मर्यादित रक्कम एवढेच देतात. रसायने, सीक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणे), प्राण्यांची देखभाल यांचा मोठा भार मार्गदर्शकाच्या अनुदानावरच पडतो. त्यामुळे फेलोशिप हाती असली तरी ज्याच्या प्रयोगशाळेचा निधी वर्षभरात आटणार आहे, तिथे जाण्यापूर्वी नीट विचार करावा.

रुजू होण्यापूर्वी एक प्रश्न संकोच न करता विचारावा: इथून जाताना यातले कोणते काम मला सोबत नेता येईल? आर०० साठी आणि पुढे प्राध्यापकपदासाठीही तुमचे संशोधन मार्गदर्शकाच्या कामापासून वेगळे ओळखू यावे लागते. तरुण मार्गदर्शक वेळ भरपूर देतात, पण त्यांचे स्वतःचे स्थान अजून पक्के व्हायचे असल्यामुळे प्रकल्प तुम्हाला सोबत नेऊ देणे त्यांना जड जाते. ज्येष्ठांकडे निधी आणि ओळखी असतात, पण तुमचा मसुदा वाचायला सवड नसते. अशा वेळी दुसऱ्या प्रयोगशाळेतील सहमार्गदर्शक अर्जातच नेमून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम या जीवविज्ञान-संशोधनाला निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या ३ वर्षांच्या फेलोशिपसारखी, पीएच.डी.च्या विषयापासून दूर जाण्याची अपेक्षा ठेवणारी योजना असेल, तर नवख्याला हाताशी धरून शिकवणारा मार्गदर्शक अधिकच गरजेचा ठरतो.

मार्गदर्शकाचे तोंडी उत्तर मिळाले तरी त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या पोस्टडॉकना अवश्य गाठावे. त्यांच्यापैकी कोणी स्वतःचा प्रकल्प सोबत नेला, कोणाचा अर्ज मार्गदर्शकाने ओळ न् ओळ वाचला आणि शिफारसपत्र वेळेवर कोणाला मिळाले, हे त्यांनाच ठाऊक असते.