पहिला टॅरंट्युला निवडताना

टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचे ठरवल्यावर माझी नजर सर्वप्रथम गेली ती निळ्याजर्द पोइसिलोथेरिया मेटॅलिकाकडे, आणि तो मी घेतला नाही याचे समाधान आजही वाटते. आंध्र प्रदेशातील जंगलाच्या एका लहानशा पट्ट्यात, झाडांच्या ढोल्यांत राहणारा हा कोळी कमालीचा चपळ असून त्याच्या वंशातील कोळ्यांच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात. शिवाय ही जात अतिसंकटग्रस्त आहे. नवख्याने रंगावर भाळू नये, स्वभाव पाहावा.

अमेरिका खंडांतील बऱ्याच जाती चावण्याऐवजी पोटावरचे केस मागच्या पायांनी उडवून बचाव करतात. ते त्वचेला लागले की खाजकुयलीसारखी खाज सुटते आणि डोळ्यांत गेले तर प्रकरण गंभीर होते, म्हणून डबा उघडताना त्यावर तोंड वाकवू नये. तरीही सुरुवातीला याच गटातील संथ, जमिनीवर राहणारी जात बरी. मी मध्य अमेरिकेतील कुरळ्या केसांची टिल्टोकॅटल अल्बोपिलोसस निवडली. अशा कोळ्याला उंच काचपेटी देणे ही मात्र घोडचूक होय, कारण थोड्या उंचीवरून पडला तरी त्याचे पोट फुटू शकते.

नर की मादी, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. मादी वीस वर्षे सहज जगते. नर मात्र प्रौढ झाल्यावर फार काळ टिकत नाही. लहान पिल्लात हा फरक ओळखणे कठीण असते, आणि मी तर नखाएवढे पिल्लू आणले होते, तेही पाळलेल्या जोडीपासून जन्मलेले असल्याची खात्री करून.

काही महिन्यांनी त्याने खाणे सोडले आणि एका सकाळी ते पाठीवर उताणे पडलेले दिसले. मेले असे समजून मी चिमटा हाती घेतला होता, तेवढ्यात एक पाय किंचित हलला. ते कात टाकत होते! मरणारा टॅरंट्युला सहसा पाय पोटाखाली मुडपून घेतो, उताणा पडत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे ते बरेच वाढल्यावर टाकलेली एक कात मी पाण्यात भिजवून उलगडली आणि भिंगाखाली धरली. पुढच्या दोन फुप्फुसांच्या मधोमध, मादी शुक्राणू साठवते ती चिमुकली पिशवी स्पष्ट दिसत होती. मादी होती.