आमची वाटचाल : पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधलं अंतर

नगरजवळच्या खारे कर्जुन्याच्या लष्करी रेंजवर फायरिंग सुरू झालं की त्याचा आवाज आमच्या भिंगारपर्यंत यायचा. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आज टँकवाल्यांचं काम चाललंय बघ." नगरला वाढलेल्या मुलाला रणगाड्याचं फार अप्रूप नसतं, असं बाहेरच्यांना वाटतं. मला होतं, आणि आज मी रणगाड्यांची छोटी मॉडेलं करतो. ताडपत्रीखाली झाकलेला रणगाडा ट्रेलरवरून निघाला की मी सायकल बाजूला घेऊन तो वळणाआड जाईपर्यंत उभा राहायचो. १९९४ साली इथलं रणगाडा संग्रहालय सुरू झालं आणि शाळेची सहल तिथं गेली. पोरं रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीभोवती गोळा झाली. मी मात्र सेंच्युरियन रणगाड्याच्या चाकांपाशी वाकून बसलो होतो. शेवटी बाईंनी हाताला धरून उठवलं.

वडिलांचं छावणीच्या तोंडाशी फोटो फ्रेमिंगचं दुकान. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, म्हणजे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र, तिथला एखादा कोर्स संपला की ग्रुप फोटो फ्रेमिंगला यायचे. कुणी निवृत्त होणार असलं की सागवानी पाटीवर एक ओतीव रणगाडा बसवून, खाली पितळी पट्टीवर नाव कोरून द्यायचं. हे रणगाडे आम्ही बाहेरगावाहून डझनाच्या हिशेबानं आणायचो. एकदा एका रिसालदार साहेबांनी त्यातला एक हातात घेतला आणि वडिलांना शांतपणे विचारलं, "शेठ, हा कुठला रणगाडा आहे?" वडिलांना सांगता आलं नाही, कारण तो कुठलाच नव्हता. बुरूज एकाचा, चाकं दुसऱ्याची, तोफ कल्पनेतली. साहेबांनी तो घेतला, पैसे दिले आणि गेले. माणूस अठ्ठावीस वर्षं नोकरी करून घरी निघालाय आणि त्याच्या शोकेसमध्ये जी वस्तू आयुष्यभर राहणार, ती अशी! ही गोष्ट माझ्या मनातून गेलीच नाही. पुढं २०११ साली दुकानाच्या मागच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी मॉडेलचं काम सुरू केलं.

पहिलं मॉडेल विजयंताचं. परदेशी किटमध्ये शर्मन आणि टायगर ढिगानं मिळायचे, पण चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात तयार झालेला आणि आपल्या रेजिमेंटांनी वर्षानुवर्षं चालवलेला रणगाडा शोधूनही सापडायचा नाही. प्रमाण धरलं १:३५. जगभर रणगाड्यांच्या मॉडेलसाठी हेच जास्त चालतं. यात खरा एक मीटर म्हणजे तीन सेंटिमीटरला थोडा कमी, आणि पावणेदोन मीटर उंचीचा जवान जेमतेम पाच सेंटिमीटरचा. चौकात उभ्या असलेल्या एका विजयंताला मी चार रविवार टेप लावून मापं घेतली. जिथं टेप पोचत नव्हती तिथं विती मोजल्या. प्लास्टिकचे पत्रे कापून, पितळी तारा वाकवून, टोइंगच्या केबलसाठी गिटारची तार वापरून मूळ नमुना, म्हणजे मास्टर, तयार झाला. त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा केला आणि साच्यात रेझिन, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारं पातळ प्लास्टिक. पहिला रणगाडा साच्यातून निघाला तेव्हा वडिलांनी तो देवघरात नेऊन ठेवला. दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

आणि मग जून आला.

उन्हाळ्यात गुळगुळीत येणारे भाग पावसाळ्यात जाळीदार यायला लागले. पत्र्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. तोडून पाहिलं तर आत पावासारखं भोकाभोकांचं. मला वाटलं, ओतताना हवा अडकतेय. चौकशी केली तर सगळे म्हणाले व्हॅक्यूम लाव. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून व्हॅक्यूम पंप आणि जाड काचेचा डबा आणला. बुडबुडे वर येऊन फुटताना बघायला मजा वाटायची, पण साच्यातून निघणारा माल तसाच. जून, जुलै, ऑगस्ट. तीन महिन्यांत ऐंशीच्या वर हल, म्हणजे रणगाड्याची खालची धडं, कचऱ्यात गेले. बायको एक शब्द बोलली नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

उत्तर सापडलं ते नागापूर एमआयडीसीतल्या फोमच्या गाद्या करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडं. त्यानं माझा फसलेला हल बोटानं दाबला आणि म्हणाला, "अरे, आम्ही हेच मुद्दाम करतो!" आमचं रेझिन पॉलियुरेथेनचं, त्याच्या दोन भागांपैकी एकात आयसोसायनेट असतं. त्याला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे माझे बुडबुडे बाहेरून शिरत नव्हते, आतच जन्माला येत होते. मग पंप कितीही ओढो. हे पाणी कुठून येतं हे शोधायला आणखी पंधरा दिवस गेले. दमट हवा होतीच, पण खरं घर दोन ठिकाणी निघालं. एक, अर्धवट वापरून झाकण लावून ठेवलेला डबा. दुसरं, आम्ही रेझिन ढवळायला वापरत होतो त्या आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणि कागदी कप. लाकूड आणि कागद पावसाळ्यात पाणी धरून ठेवतात. आम्ही मिश्रणात आमच्याच हातानं पाणी ढवळत होतो.

काड्या गेल्या, स्टीलच्या पट्ट्या आल्या. कप प्लास्टिकचे. डबा उघडला की त्याच आठवड्यात संपवायचा, नाहीतर सिलिका जेलच्या पेटीत. साचे ओतायच्या आधी अर्धा तास भट्टीत कोमट करायचे, आत टाल्कम पावडरचा हलका हात फिरवायचा म्हणजे रेझिन कोपऱ्याकोपऱ्यात सरकतं. पुढं रंगकामाचा प्रेशर पॉट मिळाला. त्यात साचा ठेवून चाळीस पीएसआयचा दाब दिला की राहिलेली हवासुद्धा दिसणार नाही इतकी बारीक होते. (घरातला कुकर यासाठी कुणीही वापरू नये. मी दोन ठिकाणी लोकांना तसं करताना पाहिलंय.) आज आमच्याकडं भर जुलैत ओतकाम चालतं. पाटल्या सोडवायला मात्र दोन वर्षं लागली.

पावसाळ्यातून सुटलो तर उन्हाळ्यानं धरलं. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाचा मे महिन्यात फोन आला : "तुमच्या रणगाड्यानं मान टाकलीय हो." कुरिअरच्या तापलेल्या गाडीत रेझिनची तोफ खाली वाकली होती. बारीक आणि लांब भाग उष्णतेनं वाकणारच. त्यानंतर आमची एकही तोफ रेझिनची नाही. एमआयडीसीतले एक लेथवाले मामा आम्हाला ॲल्युमिनियमच्या नळ्या उतरत्या व्यासात कातून देतात. बोटाएवढ्या कामाला त्यांनी सुरुवातीला नकार दिला होता. नंतर नातवाला दाखवायला एक नळी स्वतःच मागून घेतली.

आता ज्या गोष्टीनं आमच्या कामाची दिशा ठरली ती सांगतो.

२०१४ च्या आसपास टी-५५ या रणगाड्याचं मॉडेल काढलं. बारा नग रंगवून, पाटीवर बसवून तयार होते. त्यातल्या आठांचे पैसेही आले होते. भिंगारमध्येच स्थायिक झालेले एक दफेदार काका नातवाचा फोटो फ्रेम करायला दुकानात आले. काउंटरवरचा रणगाडा त्यांनी उचलला, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हा काय आहे?"

"टी-५५ आहे काका."

"नाही बाळा. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जागा कुठाय?"

मला काही कळेना. त्यांनी काउंटरवरची पावती उलटी केली आणि बॉलपेननं पाच गोल काढले. पहिला गोल, मग मोकळी जागा, मग चार गोल एकमेकांना खेटून. "हा आमचा टी-५५. टी-६२ ला पण चाकं पाचच, पण त्याच्यात मोकळी जागा मागच्या बाजूला. लांबून धुळीतसुद्धा आम्ही चाकांवरून ओळखायचो. सतरा वर्षं चालवलाय मी. ट्रॅक बदलताना ह्या चाकांपाशी बसून डबे खाल्लेत."

मी कंपास घेऊन पाचही चाकांची भोकं सारख्या अंतरावर पाडली होती. सारखं दिसलं की सुबक दिसतं, एवढाच विचार. ज्या रिसालदार साहेबांच्या प्रश्नानं हे सगळं सुरू झालं, त्यांच्यापुढं मी पुन्हा तीच वस्तू ठेवत होतो, फक्त जरा चांगल्या रंगात.

आठही गिऱ्हाइकांना फोन केले. चौघे म्हणाले, आम्हाला काय कळतंय, द्या पाठवून. नाही पाठवले. हल कापले, नवा मास्टर, नवा साचा. तीन आठवडे रोज रात्री दोन-दोन वाजायचे. दुसऱ्या खेपेला काकांनी मॉडेल हातात घेतलं, चाकांकडं पाहिलं आणि थेट पुढच्या डाव्या बाजूच्या झाकणावर बोट ठेवलं. "इथं मी." टी-५५ मध्ये ड्रायव्हर डावीकडं बसतो. विजयंता आणि सेंच्युरियनमध्ये उजवीकडं. तेव्हापासून काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही नवीन नमुना साच्याला जात नाही. मानधन घ्यायला ते तयार नाहीत, दर गुरुवारी चहा मात्र आमच्याकडं.

रंगाचंही त्यांनीच शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. त्यांच्या ओळखीनं खऱ्या रणगाड्याला लावतात तोच हिरवा रंग मिळाला. आम्ही खुशीत तो मारला, तर मॉडेल काळंभोर दिसायला लागलं. मोठ्या पत्र्यावर उन्हात दिसणारा रंग तळहाताएवढ्या वस्तूवर गडद होतो. त्यात पांढरा आणि थोडा पिवळा घालून, दुपारी दारात नेऊन, काका "हां, असाच" म्हणेपर्यंत मिसळत राहायचं.

मध्ये एका मोठ्या संस्थेनं समारंभासाठी दीडशे नगांची तोंडी ऑर्डर दिली. मी कर्ज काढून माल भरला, दोन पोरं कामाला घेतली. नमुना पसंत पडल्याचंही कळवलं आणि पुढं महिनाभरानं, "यंदा शाली द्यायचं ठरलंय." लेखी काही नव्हतं. तेव्हापासून निम्मी रक्कम जमा झाल्याशिवाय आम्ही रबर ओतत नाही, मग समोर कुणीही असो.

मार्च २०२० मध्ये सगळंच थांबलं. एक मुलगा जामखेडकडं गावी गेला, तो नंतर आलाच नाही. उघडलेलं रेझिन डब्यात खराब झालं. घरात पडून असलेल्या सुट्या भागांतून बायको, मी आणि मोठी मुलगी जीप जोडत बसलो. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस, म्हणजे मागं धक्का न देणारी तोफ बसवलेली जीप, १९६५ मध्ये असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे जिच्यावरून उडवले ती. जीप सव्वातीन मीटरची आणि तोफही जवळपास तेवढीच, म्हणून मॉडेलमध्ये दोन्ही साडेनऊ सेंटिमीटरच्या घरात. इतक्या हलक्या गाडीवर इतकी लांब तोफ घेऊन रणगाड्यांसमोर जायचं म्हणजे काय, हे ती टेबलावर ठेवली की लहान पोरालासुद्धा समजतं. त्या वर्षात व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विकल्या गेलेल्या जीपांनी आमचं घर चालवलं.

नंतर थ्रीडी प्रिंटर आला. मास्टर त्यावर निघतो, थर एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे. काम सोपं झालं, हे खरंच. पण प्रिंटर संगणकातली चूकही तितक्याच सफाईनं काढून देतो, म्हणून संग्रहालयाच्या फेऱ्या कमी झालेल्या नाहीत.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं 'फामागुस्टा' मागितला. सतराव्या पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन. खेत्रपाल जन्मले पुण्यात, आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. तो रणगाडा दुरुस्त करून इथं आमच्या नगरलाच जपून ठेवलाय. गिऱ्हाइकाला तो जळालेला हवा होता. मी दोन दिवस विचार केला आणि त्यांना फोन केला. रणगाड्याला आग लागली असताना माघारी येण्याचा आदेश मिळाला, तरी तोफ अजून चालतेय म्हणून खेत्रपालांनी रणगाडा सोडला नव्हता. मग मी तोफ चालू असतानाचाच रणगाडा करीन, म्हटलं. चिखलानं माखलेला, पण उभा. ते लगेच हो म्हणाले. लेथवाल्या मामांना कुणाची तोफ आहे ते सांगितलं. त्यांनी तीन नळ्या बाद करून चौथी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

दफेदार काकांना आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक दिसत नाही. गेल्या गुरुवारी टी-५५ च्या नव्या साच्यातला पहिला नग त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा चाकांवरून पुढून मागं फिरवला. पहिल्या चाकानंतर अंगठा त्या खाचेत बसला, तिथं थोडा थांबला, मग पुढच्या चारांवरून सरकत गेला. "बरोबर आहे," म्हणाले, "दे पाठवून." मी खोक्यात थर्मोकोल भरायला घेतलं. कुरिअरवाला चारला येतो.