एफसी-१६० पिकअप: हेडलाइट आणि पार्किंगचं वायरिंग नव्याने

जुन्या महिंद्रा पिकअपचे हेडलाइट मिणमिणते असले की बरेच जण थेट १००/९० वॅटचे (लांबच्या झोताला, म्हणजे अप्परला १००, जवळच्याला, म्हणजे डिपरला ९०) बल्ब बसवतात. कृपा करून असं करू नका. आधी मल्टीमीटर लावा. माझ्या गाडीत हेडलाइट चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर जेमतेम १०.७. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो, इथे तर घट त्याहून जास्त होती. बल्ब बिचारे ठीकच होते.

खरी अडचण जुन्या जोडणीत आहे. सगळा करंट आधी डॅशबोर्डच्या स्विचमध्ये, तिथून पायाने दाबून अप्पर-डिपर बदलणाऱ्या डिपर स्विचमध्ये आणि मग पुढे जातो. ६०/५५ वॅटचे दोन एच-४ (अप्पर-डिपरचे दोन फिलामेंट एकाच बल्बमध्ये असलेले) बल्ब अप्परवर १० अँपिअर खेचतात. पायाच्या स्विचवर वर्षानुवर्षं चिखलपाणी पडतं, आतले काँटॅक्ट काळे पडतात, स्विच गरम होतो. तिथे १०० वॅटचे बल्ब लावले तर हाच करंट १७ अँपिअरच्या आसपास जातो. वायर वितळते ती अशी.

म्हणून दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवले, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीवरून फ्यूज लावलेली ४ चौरस मिमीची जाड वायर दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या टर्मिनलवर आणली. ८५ ला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट), ८६ ला डिपर स्विचकडून आलेली जुनी वायर. ८७ वरून डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळे १० अँपिअरचे फ्यूज आणि पुढे २.५ ची वायर. फ्यूज वेगळे हवेतच. रात्री घाटात एक उडाला तरी दुसरा दिवा चालू राहतो. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी करंट जातो. त्यामुळे मूळ स्विच, मूळ नॉब जागेवरच राहिले, आणि मला ते फार हवं होतं.

होल्डरवर आता १२.१ व्होल्ट मिळतात.

पार्किंगमध्ये वायरपेक्षा अर्थिंगनेच जास्त वेळ खाल्ला. पुढचे ५ वॅटचे बल्ब बॉडीतूनच अर्थ घेतात, आणि बॉडीला नवा रंग दिला की तो रंगच करंट अडवतो. मागे २१/५ वॅटचा (ब्रेकला २१, पार्किंगला ५) दोन फिलामेंटचा बल्ब आहे. अर्थ कच्चा असेल तर ब्रेकचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधतो, आणि ब्रेक दाबला की पुढचे पार्किंगही मंद पेटतात. ही खूण दिसली तर स्विच उघडत बसू नका. मी प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर दिली, चॅसीवर पॉलिश पेपरने लोखंड उघडं केलं, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून रबरी कडं.

हेडलाइटची सात इंची काच घेताना एक नक्की बघा: डिपरचा झोत डावीकडे वर चढणारा हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीची काच समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारते. परदेशातून सुटे भाग मागवणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं.

आता भिंतीसमोर गाडी उभी करून झोत जुळवायचा आहे. मग इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर.